पान सदतीस, खालून चौथी ओळ

२ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

तुझ्या बालवीर संघाचा पंचवीस वर्षांचा इतिहास वीस तारखेला, शनिवारी, छापायला चढणार आहे. आज सकाळी फोरमननी माझ्या टेबलाशी येऊन हे पक्कं सांगितलं. कागद आला आहे, त्या दिवशी मशीन दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही, आणि अठ्ठावीसच्या मेळाव्याला पुस्तकं बांधून हातात हवीत म्हणून तुझ्या सेक्रेटरींचा निरोप तीनदा येऊन गेला आहे. प्रुफं माझ्याकडे आहेत. या छापखान्यात मुद्रितशोधक आता मी एकटीच उरले, तेव्हा ती दुसऱ्या कुणाकडे जाणारही नव्हती. तुला हे ठाऊक नसावं. असतं तर तू दुसरा छापखाना गाठला असतास.

अकरा वर्षांनी लिहिते आहे. मागचं पत्र आईच्या आजाराचं होतं आणि तीन ओळींचं होतं. तू आलास, दवाखान्यात खाटेच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलास, आणि अलीकडे माझ्याशेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला ओळख दिली नाहीस. मी हे आत्ताही तीन ओळींतच संपवणार होते. पण पान सदतीसवर अडले.

पान सदतीस, खालून चौथी ओळ: ‘पहिल्या शिबिरात दोरपुलावर जो किरकोळ अपघात घडला, तो दोरकाम शिकवण्यासाठी नेमलेल्या नावाड्याच्या निष्काळजीपणामुळे होय.’

हा नावाडी माझा नवरा, म्हणजे तुझा मेहुणा आहे, हे तू लिहिलेलं नाहीस. शुद्धलेखनाची चूक नसल्यामुळे मला ते दुरुस्त करता येत नाही. ‘किरकोळ’ही दुरुस्त करता येत नाही. तो किरकोळ अपघात आता आमचा फोरमन आहे आणि रोज सकाळी आठ वाजता डावा पाय ओढत छापखान्याचा जिना चढतो. तुझं पुस्तक त्याच्याच हाताखाली जुळवलं जातं आहे.

आमच्या मालकांचा एक नियम आहे. मुद्रितशोधकानं लेखकाचा शब्द बदलायचा नाही. शंका आली तर समासात प्रश्न करायचा. लेखकानं त्याचं उत्तर स्वतःच्या हातानं तिथेच लिहून खाली सही करायची. तोवर तो फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानांची चौकट, मशीनवर चढत नाही. सत्तावीस वर्षांत मी हा नियम मोडलेला नाही आणि तुझ्यासाठी मोडण्याइतकं तुझं-माझं काही राहिलेलं नाही. त्या ओळीसमोर मी लिहिलं आहे: ‘सुटलेली गाठ कोणी बांधली? लेखकाने लिहावे.’

प्रूफ सोबत आहे. खाली जागा ठेवली आहे.

तुझी बहीण


६ फेब्रुवारी, शनिवार

दादा,

उत्तर मिळालं. तुझं नव्हे, सेक्रेटरींचं. टंकलेखन केलेलं, संघाच्या कागदावर, माथ्यावर ती शपथेच्या तीन बोटांची मुद्रा. ‘संस्थापकांना क्षुल्लक शंकांसाठी सवड नाही. मजकूर अंतिम समजावा.’ चार ओळींत पाच चुका होत्या. लाल शाईनं दुरुस्त करून कागद परत पाठवला आहे. हाताची सवय आहे, रागावू नका म्हणावं त्यांना.

पुस्तकाचा पहिला भाग वाचून झाला. ‘संस्थापक’ हा शब्द एकशे बारा वेळा आला आहे, ‘मी’ एकदाही नाही. संस्थापकांनी पाहिले, संस्थापकांनी ओळखले, संस्थापकांच्या डोळ्यांत पाणी तरळले. स्वतःबद्दल असं तिसऱ्याच्या तोंडानं लिहायला एक तर निगरगट्टपणा लागतो किंवा सराव. तुझ्याकडे दोन्ही आहे.

पान तीनवर तू लिहितोस की एका वादळी संध्याकाळी काही मुलं एका म्हातारीला नदी ओलांडायला मदत करत होती, ते दृश्य पाहून संस्थापकांच्या मनात ज्योत पेटली. कुठली म्हातारी? मला आठवतं ते असं. तू शाळेत ड्रॉइंग मास्तर होतास. शनिवारी दुपारी मुलं मागच्या अंगणात काचा फोडायची, म्हणून हेडमास्तर तुला म्हणाले, ‘मास्तर, या वानरांना कुठंतरी घेऊन जा, चार वाजेपर्यंत आणू नका.’ तू त्यांना नदीवर नेलंस. त्याच महिन्यात कुणीतरी तुला परदेशातल्या बालवीरांचं सचित्र पुस्तक वाचायला दिलं. पहिले तीन दिवस तू त्यातला मजकूर उघडलाही नव्हतास, फक्त टोपीचं चित्र पुन्हापुन्हा काढत होतास. ज्योत वगैरे काही पेटली नव्हती. तुला टोपी आवडली होती.

पहिल्या पथकात बत्तीस मुलं होती म्हणतोस. अकरा होती. मी सांगू शकते, कारण त्यांचे सदरे मी बेतले आणि आईनं मशीनवर शिवले. शाळेच्या रंगमंचाचा जुना पडदा होता, त्यात अकराच बसले. एकाच्या पाठीवर पडद्याची कडी शिवून ठेवलेली तशीच राहिली होती. बारावा मुलगा कापड संपलं म्हणून घरी गेला. तो पुढे मोठा माणूस झाल्यामुळे पान पाचवर तो आता पहिल्या रांगेत उभा आहे. टोप्या पुठ्ठ्याच्या होत्या, घामानं मऊ पडून कानांवर यायच्या.

आणि या अकरा मुलांच्या संघाच्या नावामागे तू पहिल्याच आठवड्यात ‘राष्ट्रीय’ लावलंस. आई म्हणाली होती, ‘अरे, आधी पलीकडच्या गल्लीतलं एखादं पोर तरी येऊ दे.’ तू दोन दिवस तिच्याशी बोलला नाहीस. स्वतःला ‘कप्तान’ म्हणवून घ्यायला लागलास तेही तेव्हाच. घरात आम्ही कुणी म्हणत नव्हतो, म्हणून तू जेवायला उशिरा यायचास.

तुला दोरीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मीच म्हटलं, आमच्या यांना घे, धक्क्यावर होड्या बांधण्यात त्यांचा जन्म गेलाय. तू विचारलंस, ‘त्यांना पुस्तक वाचता येतं का?’ मी म्हटलं, ‘दोरीला येत नाही, तेव्हा चालेल.’ तेव्हा हसला होतास. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि तुम्हा दोघांचं बरं जमायचं.

यातल्या एकाही गोष्टीवर मी समासात काही केलेलं नाही. स्वतःविषयी काय थापा माराव्यात हा लेखकाचा हक्क आहे आणि मी तो सत्तावीस वर्षं पाळत आले आहे. पान सदतीसची गोष्ट निराळी. ती थाप स्वतःविषयी नाही.

प्रूफ पुन्हा पाठवते आहे. या वेळी सेक्रेटरींना नव्हे, तुझ्या घरच्या पत्त्यावर.

तुझी बहीण


११ फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

काल दुपारी डबा उघडून बसले होते तर फोरमन समोर येऊन उभे राहिले.

‘बाई, सदतीसवर प्रश्न केलाय तुम्ही.’

‘केलाय.’

‘उत्तर यायचं नाही.’

‘मग फर्मा चढायचा नाही.’

‘उत्तर मला माहितेय.’

‘मलाही माहितेय. मी लेखकाला विचारलंय.’

त्यांनी स्टूल ओढलं, डावा पाय हातानं उचलून समोर ताठ ठेवला, नेहमी ठेवतात तसा. ‘तुम्हाला अर्धं माहितेय,’ म्हणाले. ‘गाठ मी बांधली.’

एकोणीस वर्षं आम्ही एका खोलीत काम करतो. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी चार दिवस रजा काढून पंगती वाढल्या. त्या पुलाबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. काल त्यांनी सगळं सांगितलं, ते तुला पुन्हा सांगायची खरं तर गरज नाही, तू तिथेच होतास. पण तुझ्या पुस्तकात ते नाही, तेव्हा कुठंतरी लिहिलेलं असू दे.

‘तुमच्या यांनी सकाळीच दोन दोऱ्या जोडल्या होत्या,’ फोरमन म्हणाले. ‘पुलावर हाताला धरायची दोरी, ती एक पुरत नव्हती ना. होडीवाल्यांची गाठ होती ती, दिसायला बेढब, मुठीएवढी. मग कप्तान आले. म्हणाले, हे काय? पाहुणे अर्ध्या तासात येतायत, त्यांच्या हातात आपण छापलेली हस्तपुस्तिका आहे, त्या पुस्तकात ही गाठ आहे कुठं? सोड ही, आणि पान बारावरची बांध.’

‘आणि हे कुठं होते?’

‘खाली पात्रात, खांबाला पाचर मारत होते. त्यांना दिसलंच नाही. मी पुस्तक गवतावर उघडं टाकलं, पानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला, आणि चित्र बघूनबघून बांधली. पहिलं चित्र, मग दुसरं चित्र. सुरेख दिसत होती. कप्तान म्हणाले, शाबास. आयुष्यात त्यांनी मला दिलेली तेवढी एकच शाबासकी.’ ते थोडे हसले. ‘गाठ तुझी, तर पहिला मान तुझा, असं म्हणून मलाच पुढं काढलं. मध्यावर आलो, पाहुण्यांना सलाम करायला म्हणून दोरीवर रेललो. आणि दोरी नुसती हातात आली.’

खाली दगड होते. पाय तीन ठिकाणी मोडला.

‘मग अपघाताच्या चौकशीत का नाही बोललात?’ मी विचारलं.

‘चौकशी झाली तेव्हा मी दवाखान्यात. पायाला वजन टांगलेलं. कप्तान आदल्या दिवशी आले, उशाशी बसले, म्हणाले, बालवीर आपल्या नायकाशी निष्ठावान असतो, आठवतंय ना? मला तीन बोटं वर करायला लावली. पडल्यापडल्या केली वर. म्हणाले, काय झालं ते आपल्या दोघांत.’

‘तेरा वर्षांचे होता तुम्ही.’

‘हो. पण आता अडतीसचा आहे, बाई. त्याचं काय?’

माझा डबा तसाच राहिला.

दादा, तुझ्या पुस्तकात शपथेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, नऊ पानांचं. बालवीराचा शब्द म्हणजे वज्रलेप, वगैरे. ती शपथ पहिल्यांदा कशासाठी वापरली गेली, हे त्या नऊ पानांत आलेलं नाही. आज मी ते प्रकरण तपासून पूर्ण केलं. एक स्वल्पविराम जास्त होता, तो काढला. बाकी सगळं शुद्ध आहे.

तुझी बहीण


१५ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

सदतीसवर तू अजून काही लिहिलं नाहीस, पण तुझ्याकडून पुडकं आलं. संघाच्या रुमालात बांधलेलं, वर सुतळी. आत पान सदतीसचं प्रूफ, खालची जागा कोरीच, लाकडी ठसा आणि तुझ्या हातची चिठ्ठी. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. ‘च’चं पोट अजून फुगवतोस.

चिठ्ठीतला मजकूर इथे उतरवते, कारण तुझ्यापाशी प्रत नसेल: ‘पान बारा, चित्र दुसरे. जुन्या ठशात ही पायरी उलटी आली आहे. सोबतचा नवा ठसा वापरावा. याची वाच्यता नको.’ खाली पूर्ण सही.

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि मग हसू आलं. तुझ्याच समितीनं ठरवलं की इतिहासात पहिल्या हस्तपुस्तिकेची दोन पानं जुन्या ठशांवरूनच छापायची. तूच शीर्षक दिलंस, ‘मूळ पान, जसेच्या तसे’. आणि आता पंचवीस वर्षांपूर्वीच्या पानासाठी तू गेल्या आठवड्यात कोरलेला ठसा पाठवतोस. लाकडाला अजून पॉलिशचा वास येतो.

जुने ठसे आमच्या कपाटातच होते. तेव्हा तू ते स्वतः कोरले होतेस, दुसऱ्या कुणाच्या हातावर तुझा विश्वास नव्हता. ठशावर चित्र उलटं कोरावं लागतं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं, हे ड्रॉइंग मास्तरला मी काय सांगायचं? पहिलं चित्र तू तसं कोरलंस. दुसरं घाईत होतं, दुसऱ्या दिवशी छपाई होती, आणि तू ते लाकडावर सुलटंच कोरून मोकळा झालास. कागदावर ते उलटं उमटलं. म्हणजे आधी उजवं टोक डाव्यावरून घ्या, आणि मग पुन्हा उजवंच डाव्यावरून. दुसऱ्या खेपेला डावं वर यायला हवं होतं. दिसायला जवळजवळ सारखंच दिसतं.

फोरमननी दोन्ही ठशांचे कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी लावले. तुझ्याच पुडक्याची सुतळी घेतली. जुन्या चित्राप्रमाणे बांधली आणि ओढली. सरसर घसरत सुटली. नव्या चित्राप्रमाणे बांधली आणि ओढली. घट्ट बसली. पुन्हा जुनी. पुन्हा नवी. पाच-सहा वेळा केलं त्यांनी. टाईप जुळवणारे कंपोझिटर माना वर करून बघायला लागले.

मग म्हणाले, ‘बाई, पंचवीस वर्षं मला वाटत होतं, मी चित्र नीट बघितलं नाही.’

मला वाटत होतं तुला कळलंच नसेल. खरंच. तुझ्याबद्दलचं माझं शेवटचं चांगलं मत ते होतं: दादा अडाणी आहे, लबाड नाही. आता कपाटातून हस्तपुस्तिकेची दुसरी आवृत्तीही काढून पाहिली. अपघातानंतर चार महिन्यांनी निघालेली. गाठींची चित्रं तिच्यात नाहीतच. ‘गाठी प्रत्यक्ष दाखवून शिकवाव्यात’ एवढं एक वाक्य आहे. म्हणजे चार महिन्यांतच तुला कळलं होतं. पुढची पोरं वाचवलीस, ते बरं केलंस. ज्याच्यावर ढकललं होतंस त्याला मात्र तसाच राहू दिलास.

नवा ठसा चांगला आहे. कडा स्वच्छ आहेत. हात अजून राहिलाय तुझा.

तुझी बहीण


१७ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

आज दोनदा फोन आला. सेक्रेटरी म्हणाले, ‘ती चिठ्ठी खाजगी होती, परत पाठवा.’ मी सांगितलं की कामाबरोबर आलेली चिठ्ठी फायलीत लागते, मालकांचा नियम आहे. ते म्हणाले, ‘बाई, तुम्ही संस्थापकांना ओळखत नाही.’ मी म्हटलं, ‘त्यांना कांजिण्या झाल्या होत्या तेव्हापासून ओळखते.’ फोन ठेवला त्यांनी.

आता एक गोष्ट लिहायची राहिली आहे. गेली चार पत्रं मी ती टाळली. तू वाचताना प्रत्येक पत्रात तीच शोधत असशील आणि सापडली नाही म्हणून तुला धीर येत असेल. तेव्हा लिहूनच टाकते.

हस्तपुस्तिकेचं ते प्रूफ मी पास केलं होतं.

छापखान्यात लागून मला दोन वर्षं झाली होती, आणि एकटीनं वाचलेलं ते पहिलंच पुस्तक. पान बारावर माझी सही आहे. दोन्ही चित्रांवर मी बरोबरची खूण केली आहे. दोरी हातात घेऊन एकदा बांधून बघितली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. घरात दोरीवाला माणूस होता, त्याला दाखवलं असतं तर अर्ध्या मिनिटात. मी फक्त चित्राखालची अक्षरं तपासली. ‘आकृती दुसरी’ यातली वेलांटी बरोबर होती.

अपघाताच्या संध्याकाळी यांनी हस्तपुस्तिका माझ्यासमोर ठेवली, चित्राप्रमाणे गाठ बांधली, आणि ओढून दाखवली. दुसऱ्या दिवशी तू आलास. हे घरात नव्हते. तू मला म्हणालास, ‘पुस्तकाचं नाव निघालं तर तुझी सही निघेल. नोकरी जाईल तुझी. बघ बाई.’ मी बघितलं. मी गप्प बसले, आणि तुला चित्राचं कळलंच नसेल असं स्वतःला पटवत राहिले.

चौकशीत हे एवढंच म्हणाले, ‘मी माझी गाठ बांधली होती. नंतर काय झालं मला माहीत नाही.’ पुस्तकाचं नाव घेतलं नाही. चौकशीचा कागद धक्क्याच्या कचेरीत तू स्वतः नेऊन दिलास आणि त्यांची होडीवरची जागा गेली. तेव्हापासून दोरखंडाच्या दुकानात दुसऱ्यांना दोर मापून देतात. कितीतरी वर्षं पोरं दुकानासमोरून ‘सुटली रे, सुटली’ ओरडत पळायची. त्यांतल्या निम्म्यांच्या गळ्यात तुझा रुमाल असायचा. एकदा ते एका पोराच्या मागे गेले, मला वाटलं मारतात आता. त्याच्या रुमालाची गाठ सुटली होती, ती बांधून दिली आणि परत येऊन बसले.

काल रात्रीच्या जेवणाला त्यांना सगळं सांगितलं.

‘कशाला काढलंस हे?’ म्हणाले.

‘पुस्तकात छापतायत.’

‘बालवीरांचं पुस्तक वाचतंय कोण?’

‘बालवीर.’

मग मी त्यांना पंचवीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, ‘तुम्ही तेव्हा पुस्तकाचं नाव का घेतलं नाहीत?’

‘तुझं पहिलंच होतं ना,’ म्हणाले. ‘घरभर मिरवत होतीस. शेजारच्या वहिनींना दोनदा दाखवून आलीस.’ पाणी प्यायले. ‘आणि खरं सांगू का, ते चित्र बरोबर असतं तरी चुकीचंच होतं. ती गाठोड्याची गाठ. कपडे बांधावेत तिनं. माणसाचा भार तिच्यावर टाकायचा नसतो. हे दादांना मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.’

‘मग काय म्हणाला तो?’

‘म्हणाले, भावोजी, छापलंय आता.’

तेव्हा हे असं आहे, दादा. तू कोरलंस, मी पास केलं, फोरमननी बांधलं. या कामात ज्याचा हात नव्हता असा एकच माणूस होता आणि तुझ्या पान सदतीसवर तोच आहे. पंचवीस वर्षं मी तुझा तिरस्कार केला, आणि त्यातला बराचसा मला सोयीचा पडला हे आता कळतंय. तो कमी होईल असं मात्र समजू नकोस. मी निदान गप्प बसले होते. तू त्याचा इतिहास केलास.

तुझी बहीण


१९ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा,

चार वाजता सेक्रेटरींचा फोन आला. संस्थापक स्वतः उद्या सकाळी दहा वाजता छापखान्यात येत आहेत. मालकांनी हा निरोप त्यांच्याकडून पुन्हा एकदा पक्का करून घेतला आणि फळ्यावर खडूनं लिहिला. हे पत्र फोरमन रात्री आमच्याकडून नेऊन तुझ्या दारात टाकतील. त्यांना तुझा जिना चढवेल का माहीत नाही, पण पोस्टानं नको, मीच देतो म्हणाले.

तू ओरडशील, तर आधीच सांगून ठेवते. मालकांना सगळं सांगितलं आहे. त्यांनी डोक्याला हात लावला, मेळाव्याची पुस्तकं, संघाचं पुढचं काम, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मी म्हटलं, नियम तुमचा आहे, बदलायचा तर बदला. त्यांनी फर्म्यावर एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘उत्तर काय द्यायचं ते त्यांचं ते बघतील. मला हस्ताक्षर पाहिजे.’ फोरमन म्हणाले, ‘आणि ते आल्याशिवाय मी फर्मा आवळणार नाही.’ एकोणीस वर्षांत फोरमननी कुठल्या कामाला नाही म्हटल्याचं आम्हा कुणालाच आठवत नाही.

टेबलावर काय असेल तेही सांगते. जुना ठसा, नवा ठसा, तुझी चिठ्ठी. पहिल्या हस्तपुस्तिकेचं प्रूफ, पान बारा, माझ्या सहीचं. आज दुपारी कपाटाच्या तळातून काढलं, कडा वाळवीनं खाल्ल्यात पण सही शाबूत आहे. आणि तुझं पान सदतीस.

त्या पानावर माझ्या प्रश्नाखाली जी जागा मी सोडली होती, ती आता सगळी मोकळी नाही. नियमात लेखकानं उत्तर द्यावं असं आहे. दुसऱ्या कुणी देऊ नये असं कुठं म्हटलेलं नाही. पहिलं उत्तर मी लिहिलं: ‘चित्र दुसरे उलटे होते. मी न तपासता पास केले.’ खाली सही. दुसरं फोरमननी लिहिलं, शिसपेन्सिलीनं, मग मला विचारून शाईनं गिरवलं: ‘कप्तानांच्या सांगण्यावरून नावाड्याची गाठ सोडून मी ही बांधली.’ खाली सही. सही करताना त्यांचा उजवा हात टेबलावर होता आणि डाव्या हाताची बोटं त्यांनी मुठीत मिटून धरली होती.

खाली दोन बोटं रुंद जागा उरली आहे. तुला लांबलचक लिहायची सवय आहे, पण पुरेल.

तू तिथे ‘गाठ नावाड्यानेच बांधली’ असंही लिहू शकतोस. लेखकाचं उत्तर मी बदलत नाही. ते तसंच जुळवलं जाईल, तसंच छापलं जाईल, आणि ते पान आमच्या दोन सह्यांसकट फायलीत लागेल. पण ते तुला स्वतःच्या हातानं लिहावं लागेल, फोरमन समोर उभे असताना.

आणि एक. मी यांना या भानगडीत बोलावलेलं नाही. मी फक्त म्हटलं की टेबलावर दाखवायला हातभर दोरी लागेल, दुकानातून आणा. आज संध्याकाळी आले तर हातात दोन तुकडे होते. पेटी उघडून धुतलेला सदरा काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. मी विचारलं, हा कशाला? म्हणाले, ‘दहाला ना?’ आता बाहेरच्या खोलीत बसून दाढीचं पातं घासतायत.

म्हणजे उद्या दहा वाजता तुम्ही दोघं पंचवीस वर्षांनी एकाच टेबलाशी असाल. खुर्च्या दोनच आहेत. एक फोरमनना लागते, दुसरी मी यांच्यासाठी ठेवली आहे. लेखणी घेऊन ये, आमच्या इथली गळते. मशीन अकराला सुरू व्हायचं आहे.

तुझी बहीण